सीमाभागात संशोधनाला बसताना: प्रश्न कसा बांधावा आणि पुरावा कोठे शोधावा

संशोधनासाठी मार्गदर्शन मागायला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती विषय असतो, प्रश्न नसतो. ‘आमच्या गावची मराठी शाळा’ हा विषय झाला. १९५६ च्या आधी आणि नंतर त्या शाळेत कोणत्या घरांतली मुले येत होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे. शाळेच्या आवारातल्या विहिरीचे पाणी पहिल्या पावसानंतर पिण्याजोगे राहते का, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. घरी मराठी बोलणारे मूल आणि घरी कन्नड बोलणारे मूल त्याच वर्गात सारख्याच गतीने वाचायला शिकते का, हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. शाळा एकच असली, तरी पहिल्या प्रश्नासाठी कपाटातले दप्तर उघडावे लागते, दुसऱ्यासाठी निर्जंतुक बाटली घेऊन विहिरीवर जावे लागते आणि तिसऱ्यासाठी मुलाशेजारी जमिनीवर बसावे लागते. पुरावा म्हणजे काय, तो किती असला म्हणजे पुरे आणि कोणत्या क्षणी आपण चुकलो असे मान्य करायचे, या तिन्ही गोष्टी शाखेगणिक बदलतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण असते. त्याचे कागद दोन राज्यांत, तीन-चार शहरांत आणि किमान तीन लिप्यांत विखुरलेले असतात. एम.ए., एम.एस्सी., एम.एड. करणारे विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून काही शोधू पाहणारे शिक्षक यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

पहिले काम कागदावरचे आहे. आपला प्रश्न एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहावा. त्याखाली दुसरे वाक्य लिहावे: काय सापडले तर माझा अंदाज खोटा ठरेल? हे दुसरे वाक्य लिहिता येत नसेल, तर पहिले वाक्य प्रश्न नसून मत आहे असे समजावे आणि पुन्हा बसावे. ‘सीमाभागातील मराठी शाळांची दुरवस्था’ या शीर्षकात उत्तर आधीच दडलेले आहे, त्यामुळे असा प्रबंध कितीही पानांचा झाला तरी त्यातून लेखकाला नवे काही कळत नाही. ‘खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या ज्या शाळांत पटसंख्या घटली, त्या गावांतील मुले नेमकी कोठे गेली?’ हा प्रश्न मात्र उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाचा आहे. मुले दुसऱ्या माध्यमात गेली असतील, कुटुंबांसह गोव्याला किंवा पुण्याला गेली असतील किंवा मुळात जन्मालाच कमी आली असतील. तिन्ही शक्यता तपासता येतात, आणि तिन्ही एकाच वेळी थोड्या थोड्या खऱ्याही निघू शकतात.

इतिहास: आधी गावाचे मालक शोधा

इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या गावाचे दप्तर शोधण्यापूर्वी ते गाव कोणत्या वर्षी कोणाच्या अमलाखाली होते याचा तक्ता करावा. या भागात हे काम टाळून चालत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, तरी स्वतंत्र बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये झाला. त्याआधीचा इंग्रजी पत्रव्यवहार धारवाडच्या नावाखाली शोधावा लागतो. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग वाटते, पण ते सांगली संस्थानात होते. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते. जमखंडी, मिरज, रामदुर्ग या संस्थानांच्या हद्दी तर ब्रिटिश मुलखाशी इतक्या गुंतलेल्या होत्या, की शेजारशेजारच्या दोन गावांचे सारापत्रक दोन वेगळ्या दरबारांत लिहिले जाई. दक्षिणेतली बहुतेक संस्थाने १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले.

या तक्त्यावरून प्रवासाचा मार्ग ठरतो. पेशवाईतील आणि इनाम चौकशीच्या काळातील कागदांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार पाहावे. पेशवे दप्तर तेथे आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानुसार इनाम कमिशनने (करमाफ जमिनींचे हक्क तपासणाऱ्या सरकारी मंडळाने) दक्षिण मराठा मुलखातील इनामदारांकडून सनदा मागवल्या होत्या. एखाद्या देवस्थानाचा, वतनाचा किंवा मठाचा इतिहास लिहिणाऱ्याला या चौकशीच्या कागदांत घरच्या आठवणींपेक्षा अधिक मिळते, कारण इनाम जाऊ नये म्हणून लोकांनी आपली सात पिढ्यांची माहिती तेथे सादर केलेली असते. अर्थात तीच गोष्ट सावधगिरीचीही आहे. ज्याला काही सिद्ध करायचे असते तो वंशावळ लांबवतो. मुंबई इलाख्याचा शिक्षण, महसूल आणि न्याय खात्यांचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पाहावा. संस्थानी गावांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार गाठावे. १९५६ नंतरच्या शासकीय व्यवहारासाठी बेंगळुरू आणि धारवाड या ठिकाणी चौकशी करावी, आणि जमिनीच्या बाबतीत जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष व तहसील कचेरी यांना पर्याय नाही. तहसील कचेरीतला उतारा आता कन्नडमध्ये मिळतो. कन्नड लिपी न शिकता सीमाभागाचा विसाव्या शतकाचा इतिहास लिहिण्याचा हट्ट मी अनेकांत पाहिला आहे, आणि तो मला कधीच पटलेला नाही. वर्णमाला आणि जोडाक्षरे महिन्या-दीड महिन्यात येतात. तेवढे कष्ट घ्यावेत.

मोडीला अधिक वेळ लागतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळला जात नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आधी ओळ आखून मग हात न उचलता खाली अक्षरे लिहिलेली असतात, आणि ‘छ’ या एका अक्षरामागे मुसलमानी महिन्याची तारीख येते. वर्गात शिकलेली मोडी आणि घाईत असलेल्या कारकुनाची मोडी यांत छापील अक्षर आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्याइतके अंतर असते. म्हणून एकाच लेखनिकाचे दहा-पंधरा कागद सलग वाचावेत. त्याची ‘र’ काढण्याची आणि ‘ल’ वळवण्याची खोड लक्षात आली, की पुढचे कागद आपोआप सुटू लागतात.

तारखांचा भाग मात्र आपोआप सुटत नाही. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन, म्हणजेच मृगसाल, मृग नक्षत्राला सुरू होते. त्यात वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. हा सन आकड्यांत न लिहिता पुष्कळदा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. पत्र पौष महिन्यातले, म्हणजे जानेवारीच्या सुमाराचे असेल तर ६०० मिळवून १७६१ येते आणि आपण पानिपताच्या दिवसांत पोहोचतो. ५९९ मिळवले तर मागच्या वर्षी पडतो. माझ्याकडे काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने सरसकट ५९९ मिळवले होते. त्याच्या यादीत तीन पत्रांची उत्तरे मूळ पत्रांच्या आधी आली होती, आणि त्या विसंगतीवर त्याने ‘राजकीय गुंतागुंत’ अशी टीप लिहिली होती. फसली या महसुली सनाचा आकडा वेगळा आहे: दक्षिणेत त्यात ५९० किंवा ५९१ मिळवतात. कागदावर नुसते ‘सन’ लिहिलेले असेल तर तो कोणता सन, हे आधी ठरवावे.

शिलालेखांकडे वळणाऱ्यांसाठी बेळगाव किल्ल्यातील कमल बसदीचे, म्हणजे जैन मंदिराचे, उदाहरण उपयोगी आहे. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्याचा मंत्री बीचिराज याने ही बसदी बांधली. तिच्यासंबंधीच्या लेखांत शके ११२७ आणि रक्ताक्षी संवत्सर दिले आहे. ११२७ मध्ये ७८ मिळवले तर १२०५ येते, परंतु रक्ताक्षी संवत्सर आणि लेखातील पौष महिना यांचा मेळ डिसेंबर १२०४ शी बसतो, कारण येथे शक वर्ष ‘गत’ (पूर्ण झालेली वर्षे) नसून ‘वर्तमान’ (चालू वर्ष धरून) पद्धतीने मोजले आहे. संवत्सराचे नाव हे असे दुसरा साक्षीदार म्हणून वापरावे. वर्षाचा आकडा एकट्याने मानू नये. आणखी एक बाब अशी, की हे लेख असलेल्या शिळा बेळगावात नाहीत. त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या असून त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेख-ताम्रपटांच्या ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात छापलेले आहे. आपल्या गावचा लेख गावात नाही म्हणून तो हरवला असे मानण्याआधी हे खंड आणि मुंबई-कर्नाटकातील लेखांचे ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’मधील खंड चाळावेत. हलशी येथे सापडलेले आद्य कदंब राजांचे ताम्रपट फ्लीट या इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच संपादित केले आहेत. त्यांत हलशीचे नाव ‘पलाशिका’ असे येते. जुन्या स्थलनामाची ही खूण ठाऊक नसली, तर सूचीत हलशी शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

१८८४ चे बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतील एकविसावा खंड, सर्वांनाच प्रिय आहे. त्यातील पाऊस, पिके, बाजार आणि रस्ते यांची माहिती विश्वासाने वापरावी. जातींच्या स्वभावाविषयी त्यात जे लिहिले आहे, ते मात्र त्या काळच्या अधिकाऱ्यांची नजर कशी होती याचा पुरावा म्हणून वाचावे. आजही अनेक प्रबंधांत ती वर्णने सत्य म्हणून उतरवलेली दिसतात.

सीमाप्रश्नावर लिहिणाऱ्यांना एक स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा अहवाल, जनगणनेचे मातृभाषेचे तक्ते आणि दोन्ही बाजूंच्या समित्यांची पत्रके ही सारी साधने आहेत. कोणतेही एक साधन निकाल नव्हे. जनगणनेतला मातृभाषेचा रकाना गणना करणाऱ्याने कोणाला विचारून, कोणत्या सूचनेनुसार भरला, हे प्रत्येक दशकासाठी वेगळे तपासावे आणि मगच १९५१ चा आकडा १९६१ च्या शेजारी मांडावा. १९५६ मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलाखती पुढच्या वर्षावर ढकलू नयेत. मुलाखत घेताना ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असे विचारू नये, तर ‘त्या वर्षी शाळेत गुरुजी कोणत्या भाषेत हजेरी घेत होते?’ असे विचारावे. माणसाला मत आठवण्यापेक्षा हजेरी अधिक खरी आठवते. आणि मराठी घरांबरोबर त्याच गल्लीतील दोन-तीन कन्नड घरांतही जावे. तेथे चहा मिळतोच, आणि तीच घटना वेगळ्या क्रमाने ऐकायला मिळते.

विज्ञान: मोजमाप आधी, निष्कर्ष नंतर

विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा, हा समज पहिल्या दिवशीच दूर करावा. बेळगाव जिल्हा या बाबतीत मोठा उदार आहे. पश्चिमेला घाटमाथ्यावर, मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या ईशान्येला अथणीकडे तो सहाशेच्या आसपास येतो. बेळगावच्या परिसरात दख्खनचा काळा बेसाल्ट संपत आलेला दिसतो, तर गोकाकचा धबधबा कलादगी मालिकेतील त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्मावरून कोसळतो. पावसाचा आणि खडकाचा एवढा बदल एका दिवसाच्या बसप्रवासात निसर्गाने आयता मांडून ठेवला असताना, झाडे, माती, कीटक किंवा भूजल यांचा तौलनिक अभ्यास करायला महागडी उपकरणे लागत नाहीत. भूशास्त्रज्ञ आणि परिसंस्थेचा अभ्यासक फारसा प्रयोग करत नाहीत. जे घडून गेले आहे त्याची ते शिस्तीने तुलना करतात.

निरीक्षणाच्या मर्यादा समजून घेण्यासाठी खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहांमधले वटवाघूळ पाहावे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत ते सापडले आणि १९१३ मध्ये शास्त्रीय वर्णन होऊन, त्या पाहणीशी निगडित असलेल्या रॉटन यांचे नाव त्याला मिळाले. पुढे कित्येक दशके ‘हे जगात फक्त येथेच आढळते’ असे लिहिले जात होते. २००० नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. आधीच्या अभ्यासकांचे निरीक्षण चुकले नव्हते. ‘फक्त’ हा शब्द चुकला होता. आपल्या प्रबंधात ‘फक्त’, ‘प्रथमच’, ‘एकमेव’ असे शब्द आले, की ‘आतापर्यंत पाहिलेल्या ठिकाणी’ एवढी पुस्ती जोडावी. हा परिसर आता भीमगड अभयारण्यात येतो आणि हे वटवाघूळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गुहेत पाऊल टाकू नये. पिले असण्याच्या काळात विजेरीचा झोतसुद्धा वसाहतीला महागात पडतो.

प्रयोग कसा असावा, याचा नमुनाही याच जिल्ह्यात आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू खेड्यात टाळता येतील का, हा प्रश्न घेऊन बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण भागात मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. १,६२० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला खरी गोळी मिळाली, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. गोळी देणाऱ्या परिचारिकेला आपण काय देत आहोत हे ठाऊक नव्हते. औषध नसलेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल, त्यांमागची रचना मात्र समजून घ्यावी. चिठ्ठी टाकल्यामुळे अशक्त, सशक्त, रस्त्याजवळच्या आणि दूरच्या वस्तीवरच्या स्त्रिया दोन्ही गटांत सारख्या वाटल्या गेल्या. परिचारिकेला अंधारात ठेवल्यामुळे तिची आशा आकड्यांत उतरली नाही. आणि रक्त मोजण्यासाठी खुणा केलेली खास पिशवी वापरल्यामुळे ‘थोडे गेले’, ‘बरेच गेले’ असे शब्द टळले. याच भागात झालेल्या दुसऱ्या तुलनेत असे दिसले होते, की नुसत्या नजरेने केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो. मोजण्याचे साधन आधी सुधारले नसते, तर पुढचा सगळा प्रयोग त्या चुकीवर उभा राहिला असता.

विद्यार्थ्याच्या आवाक्यातील विहिरीच्या प्रश्नालाही हेच नियम लागू करावेत. कोणत्या विहिरी घ्यायच्या ते सोयीने ठरवू नये. गावातल्या सगळ्या सार्वजनिक विहिरींची यादी करून त्यांतून चिठ्ठीने निवड करावी. एकदाच नमुना घेऊन ‘पाणी दूषित आहे’ असे लिहू नये. एप्रिल-मे, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीनंतर असे किमान तीन वेळा घ्यावे. बाटली निर्जंतुक असावी, बर्फात ठेवावी आणि चोवीस तासांच्या आत तपासणीला पोहोचवावी. काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइडची स्वस्त बाटली शाळेत वापरायला चांगली आहे, पण तिचे उत्तर ‘संशय आहे’ किंवा ‘संशय नाही’ एवढेच असते; ती जंतूंची संख्या सांगत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) आढळता कामा नये आणि नायट्रेट प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ऊसपट्ट्यातील विहिरी तपासणाऱ्याने नायट्रेट वगळू नये. आणि पाणी वाईट निघाले, तर प्रबंध पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.

शिक्षण: मुलाची भाषा आणि परीक्षेची भाषा

शिक्षणशास्त्रातील संशोधन सोपे समजले जाते, कारण प्रश्नावली छापली की काम सुरू झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तिन्हींत ते मला सर्वांत अवघड वाटते. येथे दगड किंवा गोळी नसते; समोर मूल असते, आणि त्याला आपल्याला काय ऐकायचे आहे ते चटकन कळते.

सीमाभागात पहिली गाठ भाषेची पडते. आपल्याकडची मुले ‘मी पुस्तक वाचलो’, ‘मी काम केलो’ असे सहज बोलतात. मुलीही ‘मी आलो’ म्हणतात. पुण्यात छापलेल्या चाचणीची उत्तरसूची याला चूक मानते. परंतु हे अज्ञान नसून कन्नडच्या शेजारात शेकडो वर्षे नांदलेल्या मराठीचे रूप आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी केलेला, १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभर वाचला जातो. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली होती, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई, असे त्यांनी दाखवले. म्हणून वाचनचाचणी तयार करताना दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात: मुलाला मजकूर उमगला का, आणि त्याने प्रमाण मराठीत उत्तर दिले का. दोन्हींना एकच गुण देणारा अभ्यास वाचनाविषयी बोलत असल्याचा भास निर्माण करतो आणि प्रत्यक्षात बोलीला शिक्षा देतो. चाचणी वापरण्यापूर्वी ती अभ्यासात नसलेल्या शाळेतील दहा-बारा मुलांना द्यावी. जो शब्द निम्म्या मुलांना अडतो आणि जो धड्याच्या आशयाला आवश्यक नाही, तो काढून टाकावा.

दुसरी गाठ तुलनेची आहे. ‘इंग्रजी माध्यमाची मुले गणितात पुढे आहेत का?’ हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी घेते, दोन शाळा निवडते, गुणांची सरासरी काढते आणि माध्यमाला श्रेय किंवा दोष देऊन मोकळे होते. इंग्रजी शाळेची फी भरणाऱ्या घरात शिकलेली आई, शिकवणी आणि रिक्षा आधीच असण्याची शक्यता अधिक असते. औषधाच्या चाचणीत चिठ्ठी टाकता आली. मुलांना चिठ्ठी टाकून शाळेत घालता येत नाही. मग निदान आईचे शिक्षण, घरची जमीन, शिकवणी आणि पहिलीत येतानाची पातळी यांची नोंद करून सारख्या घरांतील मुलांचीच तुलना करावी. एकाच घरातील एक भाऊ मराठी आणि दुसरा इंग्रजी माध्यमात, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत; त्यांचा अभ्यास दोनशे मुलांच्या सरासरीपेक्षा अधिक सांगून जाईल, असे माझे मत आहे.

माध्यमाच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने मूळ कागद वाचावेत. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल कर्नाटक सरकारच्या १९९४ च्या आदेशासंबंधी होता. कन्नड विषय शिकवणे बंधनकारक करणारा कायदा २०१५ चा आहे. माध्यम आणि विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत त्या नेहमी एक होतात.

आकडेवारीसाठी यूडायस या सरकारी शाळा-माहिती प्रणालीचे शाळानिहाय आकडे घ्यावेत, मात्र ते मुख्याध्यापकांनी भरलेले असतात हे विसरू नये. पटावरची संख्या आणि वर्गातली डोकी स्वतः मोजून पाहावीत. असर ही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन होते. ती जिल्ह्याचे चित्र देण्यासाठी रचलेली आहे, त्यामुळे तिच्यावरून एका गावाविषयी किंवा एका माध्यमाविषयी काही सांगू नये. आणि शाळेतील जनरल रजिस्टर! त्यात मुलाची जात, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडण्याचे कारण लिहिलेले असते. सुरुवातीला पटसंख्येचा जो प्रश्न पाहिला, त्याचे निम्मे उत्तर या शेवटच्या रकान्यात आहे. मुख्याध्यापकांची परवानगी, गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणि शाळा सुधारणा समितीला दिलेली पूर्वसूचना असेल तर रजिस्टर पाहायला मिळते. बेळगाव आणि चिकोडी हे दोन स्वतंत्र शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणीच्या शाळेसाठी बेळगावच्या कचेरीत खेटे घालणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

परवानग्या, वाङ्मयचौर्य आणि टाचण

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि सात वर्षांवरील मुलाला स्वतःलाही विचारावे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. संमतिपत्र घरातील माणसाला वाचता येणाऱ्या लिपीत असावे. आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात; आपला विषय कोल्हापूर, धारवाड आणि बेळगाव या तिन्ही विद्यापीठांच्या नावांखाली, मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील शब्दांनी शोधावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, परंतु कन्नड पुस्तकातील उतारा मराठीत उतरवला तर संगणक तो पकडत नाही. पकडला गेला नाही म्हणून तो आपला होत नाही.

टाचणांच्या बाबतीत एकच आग्रह धरावा. प्रत्येक टाचणावर कागद कोठे, कोणत्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात), कोणत्या दिवशी पाहिला ते लिहावे, आणि मूळ मजकूर, त्याचा देवनागरी उतारा व आपला अर्थ या तिन्हींना वेगळ्या जागा द्याव्यात. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांना त्याच संध्याकाळी नावे द्यावीत. आठवड्यानंतर पुण्याचा रुमाल आणि कोल्हापूरचा रुमाल स्क्रीनवर सारखेच दिसतात.

प्रबंध मान्य झाल्यावर त्याची एक प्रत ज्या गावातून माहिती घेतली त्या गावच्या वाचनालयात ठेवावी. ठेवण्यापूर्वी रजिस्टरातील मुलांची नावे व जात, मुलाखती देणाऱ्यांनी गाळायला सांगितलेले मजकूर आणि विहिरींच्या यादीतील खासगी मालकांची नावे त्या प्रतीतून काढावीत, आणि काय काढले आहे याची नोंद पहिल्या पानावर करावी.